मामांनी सुधारलेली नक्षी

जाळीच्या चौकटीवर रबरी पट्टी ओढून शाई उतरवण्यात मामांची पस्तीस वर्षं गेली. बाटल्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या, खेळाडूंचे बनियन, काय म्हणाल ते छापलं. दुसऱ्याच्या छपाईतली खोट त्यांना दहा हातांवरून दिसायची. स्वतःची मात्र, ते आता स्वतःच सांगतात, "दोनदा चष्मा बदलला तरी दिसली नाही."

त्यांची भाची प्रयोगशाळेत कामाला होती. एक दिवस ती पातळ प्लॅस्टिकचे तक्ते आणि चांदीच्या शाईचा डबा घेऊन कारखान्यात आली. तिला बोटाएवढ्या पट्ट्या छापून हव्या होत्या. पट्टीवर वेटोळ्यांची तार, तिच्यावर नंतर प्रयोगशाळेत बसणारी इवलीशी चिप, टोकाला लघवीचा एक थेंब. मोबाइल जवळ नेला की मूत्रपिंडाची खबर पडद्यावर येणार आणि पट्टी कचऱ्यात जाणार.

"आणि बॅटरी?" मामांनी विचारलं.

"नाहीच. मोबाइलच वीज देतो. तो जवळ असेल तेवढा वेळच पट्टी जागी."

"म्हणजे माझ्यासारखीच. तुझी मामी समोर असली तरच काम."

नक्षी पाहताना मामांना वेटोळ्यात एका जागी बारीकशी फट दिसली. पोर घाईत चुकली, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तिला विचारलं असतं तर कमीपणा आला असता. त्यांनी बारीक कुंचल्याने फट बुजवली, दोनशे पट्ट्या छापल्या आणि छाती काढून पोचत्या केल्या.

एकही पट्टी जागी होईना. भाचीने मोबाइल बदलले, चिपा बदलल्या. मामा दोन दिवस प्रयोगशाळेत स्टुलावर बसून सल्ले देत होते. "शाईच भिकार आहे," हा त्यांचा निकाल.

तिसऱ्या दिवशी भाचीने पट्टी भिंगाखाली धरली. "मामा, इथे फट होती ना?"

"होती की! मीच बुजवली. तुझी चूक कुणाला कळूसुद्धा दिली नाही."

भाचीने कपाळाला हात लावला. "अरे, त्या फटीवरच चिप बसते! तूच टोकं जोडून टाकलीस, मग वीज चिपकडे जाईल कशाला?"

धरणीने पोटात घ्यावं असं मामांना वाटलं. पण प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती.

त्यांनी गुपचूप सगळा माल पुन्हा छापला, आणि चुकीची भरपाई म्हणून पहिली चाचणी स्वतःवर घ्यायला पुढे झाले. पट्टी या वेळी लगेच जागी झाली. आकडा मात्र लाल आला. लघवीतून प्रथिनं जात होती.

"छपाई बिघडलीय," मामा म्हणाले. पस्तीस वर्षांत स्वतःच्या छपाईला त्यांनी पहिल्यांदाच नावं ठेवली.

दुसरी लावली, तिसरी लावली, करत करत सहा झाल्या. त्याच तक्त्यावरची एक भाचीने स्वतःसाठी वापरली, ती स्वच्छ हिरवी आली.

"मामा, तुझ्या सहाच्या सहा एकच सांगतायत."

"संगनमत असेल."

भाची हसली नाही. तेव्हा मामा चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचू लागले.

घरी मामींनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "घोटे सुजतात, मोज्यांचे वळ उठतात, हे मी महिनाभर सांगतेय. माझं ऐकायला कुठला मोबाइल लावू?"

दुसऱ्याच दिवशी त्या मामांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे रक्तदाब मोजला गेला, रीतसर तपासण्या झाल्या. वाढलेल्या रक्तदाबाने मूत्रपिंडं कुरतडायला नुकती सुरुवात केली होती. "आणखी दोन वर्षं अंगावर काढलं असतं तर जड गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं. पहिला आठवडा मामा पोरक्या चेहऱ्याने जेवले, मग जीभ सरावली.

आता दर महिन्याला ते दार लावून पट्टी तपासतात. आकडा हळूहळू उतरतोय. बरा आला की घरभर मिरवतात. एखाद्या महिन्यात चढला, तर दार किलकिलं करून मामींना हळूच हाक मारतात, "अगं, जरा येतेस का?"