कोच वॉल्टरची करामा टीम

दुबईत दोन मराठी माणसं भेटली की व्हिसा, शाळेची फी आणि उकाडा यांवर बोलतात. आम्ही इथल्या करामा भागातले शुक्रवारवाले भेटलो की कोच वॉल्टरवर सुरू होतो. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा गार होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साठी ओलांडलेले, सहा फुटी अमेरिकन गृहस्थ. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममधले पहिले काळे खेळाडू आणि पुढे त्याच कॉलेजचे पहिले काळे कोच. रिटायर होऊन मुलीकडे, करामाशेजारच्या ऊद मेथाला आले होते. मुलगी माझ्या ऑफिसात. मी सहज म्हटलं, “आम्हा पोट सुटलेल्यांना शिकवाल का?”

“शुक्रवारी, सकाळी सहाला. पाच मिनिटं आधी!” हुकूम सुटला. सुट्टीच्या दिवशी पहाटे! झाली ना पंचाईत!

*

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काढला. आमच्या ड्राफ्ट्समन नेनेने तो उलटसुलट फिरवला आणि गंभीरपणे म्हणाला, “कोच, पीस डिफेक्टिव्ह आहे. बिल असेल तर आजच बदलून आणू!”

कोच इतके हसले की वॉर्म-अप राहूनच गेला.

खेळ सोपा केला होता. कमरेला रुमाल खोचून पळायचं, समोरच्याने तो ओढला की खलास. पहिल्याच मॅचला नेनेने शक्कल लढवली आणि रुमालाला सेफ्टी पिन लावली. रुमाल नाही निघाला. पँट निघाली!

*

अबू धाबीला मॅच होती. वाटेत मिनीबस थांबवून पराठे मागवले. आम्ही हात घालणार, तेवढ्यात कोच उभे. “हू इज स्टिल ऑन द बस?”

बसमध्ये नेने घोरत होता. कोच स्वतः गेले, त्याला हलवून उठवलं, त्याचे बूट शोधले. तोवर पराठे गारढोण! आणि हे दर वेळचं. सगळी टीम बसल्याशिवाय हा माणूस घास तोडायचा नाही. आम्ही वैतागायचो.

शेवटी एकदा मी विचारलंच. कोच म्हणाले, “मी टीममध्ये एकटा काळा. बाहेरगावी टीम हॉटेलात जेवायची, मला आत घेत नसत. माझी प्लेट बसमध्ये यायची.” आणि वर हसून, “अख्खी बस माझी! पाय पसरून जेवायचो.”

मला फार वाईट वाटलं. पराठ्यांवरून मी पुन्हा कधी कुरकुर केली नाही.

*

चार वर्षांनी कोच कायमचे परत निघाले. शनिवारची फ्लाइट. माझी बायको सुनंदा हट्टाला पेटली. “ते चार वर्षं तुम्हाला पळवताहेत आणि माझ्या हातचं एकदाही जेवले नाहीत? पुरणपोळी खाल्ल्याशिवाय विमानात बसू देणार नाही!”

शुक्रवारी दुपारी सगळी टीम आमच्या हॉलमध्ये. टेबलावर एकच ताट, भोवती रांगोळी, एकच खुर्ची. पाहुण्यांचा मान आधी! कोचना बसवलं आणि आम्ही अकरा जण भिंतीला टेकून कौतुकाने बघत उभे.

कोचनी ताटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवले.

सुनंदाचा चेहरा पडला. “अहो, त्यांना आवडलं नाही वाटतं.”

“बाबा, ही इज नॉट ईटिंग!” आमची ऋचा कुजबुजली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा, आम्ही हे काय करून बसलो! “बसा रे सगळे! यल्ला, चला चला!” मी ओरडलो. धडाधड पेपर अंथरले. कोचही ताट घेऊन खाली आले. त्यांचे गुडघे दुमडायला दोघं लागले. ऋचासकट सगळ्यांची पानं वाढून झाली, तूप पडलं. तरी कोचचे हात मांडीवरच.

“कोच, आज मी जागा आहे!” नेने काकुळतीने म्हणाला.

कोच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे सुनंदा तुपाचं भांडं घेऊन उभी होती.

“हू इज स्टिल ऑन द बस?”

सुनंदाने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात दुसरं कोणीच नव्हतं. नेने सरकला, ती टेकली, आणि कोचनी पहिला घास घेतला.