डावीकडे वळणारी मान

हेवा कशाचा करावा, याला काही धरबंध असतो का? कोणी शेजारणीच्या घराचा करतं, कोणी जावेच्या दागिन्यांचा. या थोरलीने केला तो धाकट्या बहिणीच्या आजाराचा. हसू नका, तिचा जीव खरंच जळत होता.

थोरली शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत मशीन, शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि दिवसभर पायाला उसंत नाही. मशीनला लागूनच धाकटीची खाट. तिला बरीच वर्षं आवाज ऐकू यायचे. कोणी नसताना कोणीतरी बोलायचं, टोचून बोलायचं. आई सारखी तिच्याभोवती. गरम दूध तिला, "झोप लागली का गं?" तेही तिलाच. थोरली तापाने फणफणली तरी आई म्हणायची, "तुझं काय बाई, तू खंबीर आहेस." खंबीर म्हणे! असलं कौतुक चुलीत घालावं, असं थोरलीला वाटायचं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई नातेवाइकांची शिकवणी घ्यायच्या. मनाचे आजार म्हणजे काय, अगदी श्रीगणेशापासून. "दुःख, भीती, संशय कोणाला चुकलेत?" त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यापायी रोजचं जगणं अडायला लागलं, की तो आजार. आणि भासातला आवाज माणसाला खराच ऐकू येतो. तो नाटक करत नसतो." आई डोळे पुसत होती. थोरली मात्र मन लावून शिकत होती, नको त्या कारणासाठी.

एका सकाळी ती आतल्या खोलीत अंथरुणातून उठलीच नाही. "आई, मलापण आवाज येतात." नाटक अगदी चोख. धाकटी बोलण्याआधी मान डावीकडे वळवायची, तशी हिनेही वळवली. तिच्या डावीकडे नुसती भिंत होती, पण शिकवणी वाया कशी जाऊ द्यायची? आईच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तूसुद्धा?" म्हणत ती उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला. थोरलीला इतकं बरं वाटलं, की लाज वाटली. थोडीशीच. मग आई डॉक्टरीणबाईंना फोन करायला गच्चीत गेली.

धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तू मान का वळवतेस?"

"आवाज तिकडून येतो. तुला येतो तसा."

"मला नाही तिकडून येत. मी तुझ्याकडे बघते." तिचा चेहरा रडवेला झाला होता. "कोणी बोललं की मी तुझ्याकडे बघते. तू शिवत राहिलीस, तर कोणी बोललेलं नसतं. तू वर बघितलंस, तर ते खरं. आईवरून काही कळत नाही, ती नुसती घाबरते. आता तुलाही ऐकू यायला लागलं, तर मी कोणाकडे बघू?"

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "खोटं बोलले. आईने जरा जवळ बसावं म्हणून."

धाकटी चिडली नाही. भिंतीला टेकून तिने मोठा श्वास सोडला. "मग मशीन सुरू कर ना," ती म्हणाली. "सकाळपासून बंद आहे."

थोरली बाहेर आली, मशीनवर बसली, अर्धवट राहिलेली बाही सुईखाली घेतली. धाकटी खाटेवर टेकली. तेवढ्यात गच्चीतून आईची हाक आली, "छकुले, दूध प्यायलीस का गं? ये बघू इकडे."

आजसुद्धा धाकटीच, आईची छकुलीच. थोरलीचा जीव पुन्हा तसाच जळला.

धाकटीने मान डावीकडे वळवली आणि थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली. थोरलीचा पाय चालूच होता. नुसतं शिवत राहायचं, की झालं. ही हाक धाकटीपर्यंत कधी पोहोचलीच नसती. बाहीवर दोन बोटं टीप पडली.

मग थोरलीने पाय थांबवला आणि वर बघितलं.

"खरी आहे," ती म्हणाली. "जा, आई तुलाच बोलावतेय."