समीरची गाडी सप्टेंबरपासून तयार आहे

पानगळ सुरू झाली की आमच्या गल्लीत दोन गोष्टींचा ढीग होतो. एक वाळक्या पानांचा, दुसरा समीरच्या गाडीच्या किश्श्यांचा. पानं उचलायला नगरपालिकेची गाडी येते. किस्से उचलायला कोणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठलेत!

आम्ही नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातली चार मराठी घरं. समीर-मुग्धा आमच्या अगदी समोर. लॉकडाउनच्या त्या वर्षी मुग्धाला दिवस गेले होते आणि तारीख होती फेब्रुवारीतली. त्यांची पहिली मुलगी पुण्यात झाली, हॉस्पिटलात पोचल्यावर अर्ध्या तासात. "दुसऱ्या खेपेला याहून लवकर होतं हं," असं कोणीतरी समीरला सांगितलं आणि त्याची झोपच उडाली. ऐन थंडीत गाडी सुरू झाली नाही तर?

त्याने सप्टेंबरातच गाडीला हिवाळ्यासाठी तयार करायला घेतलं. मदतीला वडील, म्हणजे अप्पा. ते साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले होते. एक घाबरलेला मुलगा, एक रिकामा बाप आणि मधे एक गाडी! मला तेव्हाच गाडीची दया आली होती.

*

ऑनलाइन मागवलेले विंटर टायर नेमके दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आले. अप्पा म्हणाले, "पूजा झाल्याशिवाय लावायचे नाहीत." चारही टायर हॉलमध्ये मांडले गेले. प्रत्येकाच्या बाजूवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती.

दसऱ्यानंतर समीर ते घेऊन गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने बोट लावून विचारलं, "हे लाल काय आहे?"

स्वस्तिक म्हटलं तर युरोपात काय होईल, या भीतीने समीर म्हणाला, "सेफ्टी मार्क!"

डच माणूस कामाला चोख. त्याने चारही मार्क बाहेरच्या बाजूला येतील असेच टायर बसवले, वर पुसट झालेला एक मार्करने गिरवून दिला. समीर बाकीचा दिवस ओला फडका घेऊन गाडीभोवती फिरत होता.

*

डिसेंबरात पहिल्यांदा काचेवर बर्फ धरला. समीर मीटिंगमध्ये होता. अप्पांना वाटलं, पोराचं एक काम तरी कमी करू. त्यांनी बादलीभर कढत पाणी आणून काचेवर ओतलं. टर्र... या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा!

समीर मास्क न लावताच धावत आला. अप्पा शांत. म्हणाले, "थंडीत माणसाला गरम पाणी चालतं, काचेला का नको?"

नवीन काच बसायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत समीर मुग्धाला जिनासुद्धा हळू चढायला सांगत होता.

*

मग बॅटरीची पाळी. वर्क फ्रॉम होममुळे गाडी जागची हलेना. उभी गाडी थंडीत दगा देते हे वाचून समीर गाडीत बसून ऑफिस करायला लागला. लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवलेला, इंजिन चालू.

व्हिडिओ कॉलवर त्याचा बॉस म्हणाला, "तू सीटबेल्ट लावलायस. कुठे निघालास का?"

"फेब्रुवारीत हॉस्पिटलला!"

बॉसने त्याला दोन दिवस सुट्टी घ्यायला लावली. ते दोन्ही दिवस समीरने गाडीतच काढले.

*

जानेवारीत रंगीत तालीम झाली. हॉस्पिटलपर्यंत किती मिनिटं लागतात ते बघायचं होतं. मुग्धाने साफ नकार दिला. "मी एकदाच जाणार," ती म्हणाली. मग मागच्या सीटवर अप्पांना बसवलं, पोटावर उशी देऊन!

"अप्पा, जरा कण्हा. मला प्रेशरखाली चालवायची सवय व्हायला हवी."

परत आल्यावर मी विचारलं, "काय अप्पा, जमलं का?"

"अगं, तिसऱ्या स्पीडब्रेकरपासून ॲक्टिंग करावीच लागली नाही!"

पुढे चार दिवस त्यांच्या कमरेला शेक चालू होता.

*

आणि मग तो रविवार. सकाळपासून बर्फ, गुडघ्यापर्यंत नसला तरी घोट्याच्या वर नक्की. मुग्धाचा फोन आला, "लवकर ये." मी धावले. समीरने दाईबाईंना फोन करून ठेवला होता. इथे आधी त्या घरी येऊन तपासतात, मग हॉस्पिटल. "गाडी काढतो!" असं ओरडत तो गेला. अप्पा नातीला घेऊन वरच्या खोलीत जप करत बसले.

खरं सांगते, मला फार भीती वाटत होती. मुग्धाने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं पांढरी पडली. बाहेरून नुसता फावड्याचा आवाज येत होता.

दहा मिनिटांत दाईबाई आल्या. सायकलवरून! मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, मास्कवर बर्फ. त्यांनी हात धुतले, मुग्धाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कुठेही जायचं नाही."

पुढच्या पंधरा मिनिटांत बाळ रडलं. मुलगी. मीही रडले, लपवत नाही.

तेवढ्यात दार ढकलून समीर आत आला. केसांत बर्फ, हातात किल्ली, चेहऱ्यावर पाच महिन्यांचं समाधान.

"गाडी तयार आहे! सीटसुद्धा गरम केलीय!"

दाईबाईंनी बाळ मुग्धाच्या छातीवर ठेवलं आणि मान वळवून म्हणाल्या,

"वा, छान! मग माझं आवरलं की मला सोडाल? सायकल मागे मावेल ना? परत जाताना वारा समोरून आहे."