फोल्कर्ट काकाने भोकं पाडली

फोल्कर्ट काकाच्या हातात कधी कागद देऊ नका. लग्नपत्रिका द्या, मांजराच्या लसीचा कागद द्या, काहीही द्या, तो आधी कडा सरळ करणार, मधोमध हलकी घडी घालून खूण करणार आणि पंच मशीनमध्ये सरकवून कचकन दाबणार. दोन भोकं. मग फाईल. आमची आजी गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्या फोटोचं कार्ड वाटलं होतं. फोटो नेमका डाव्या बाजूला होता. काकाने घरी जाऊन भोकं पाडली आणि एक भोक आजीच्या कानातून गेलं. आई त्याच्याशी पुढचं वर्षभर बोलली नाही. त्याला ते कळलंच नाही, हे जास्त वाईट.

हा माझ्या आल्मुट मावशीचा नवरा. उत्तर जर्मनीतल्या आमच्या लेअर गावात बंधारा मंडळात नोकरी. आमच्याकडे जमीन खाली आणि समुद्र वर, त्यामुळे पाणी सतत उपसावं लागतं आणि त्याची नोंद कुणीतरी ठेवावी लागते. तो कुणीतरी म्हणजे काका. दरवाजासारखा उंच, केस चापून बसवलेले, स्वेटर बारा महिने राखाडी. बोलणं म्हणजे सकाळी "मोइन", आमच्याकडचा नमस्कार, आणि उरलेला दिवस "बघू". मावशीने याच्यात काय पाहिलं असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "तिच्या आधीच्याने तिला स्टेशनवर उभं करून पळ काढला होता. हा निदान जागेवर सापडतो." खरं आहे. कपाटही जागेवर सापडतं.

मूल होत नव्हतं. उपचार झाले, हॉस्पिटलं झाली, मावशीचे हात सुयांनी काळेनिळे झाले. मग तिने ठरवलं, दत्तक घ्यायचं, बल्गेरियातून. तिने हे काकाला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत.

"फोल्कर्ट, मी चौकशी केली आहे. आपल्याला जमेल."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे फाईल उघडावी लागेल."

आणि मावशी खुश! तिला वाटलं हा त्याचा होकार. मलाही वाटलं, शप्पथ. काका वर गेला आणि नवी कोरी हिरवी बॉक्स फाईल घेऊन आला, पाठीवर सुंदर अक्षरात लिहिलं 'मूल'.

दत्तकाचे कागद म्हणजे काय छळ असतो हे ज्याने केलं त्यालाच माहीत. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, चारित्र्याचा दाखला, दोघांची तब्येत, पगार, घराचा नकाशा. बालकल्याण खात्याच्या बायका घरी येऊन बसायच्या आणि विचारायच्या, तुमचं लहानपण कसं होतं, भांडण झालं की काय करता. याची उत्तरं मावशी द्यायची. धुराचे अलार्म किती, मुलाची खोली किती मीटर, ही उत्तरं काका द्यायचा, एकदम बिनचूक, आणि त्या बायका प्रभावित होऊन लिहून घ्यायच्या.

पण नुसते कागद पुरत नाहीत. लेअरच्या डॉक्टरची सही खरी आहे हे सोफियातल्या माणसाला कसं कळणार? म्हणून नोटरी शिक्का मारतो, नोटरी खरा आहे असं ऑरिशचं न्यायालय सांगतं, आणि न्यायालयाचा तो दाखला, अपोस्टिल म्हणतात त्याला, ज्याच्या त्याच्या कागदाला जोडलेला असतो. सगळं दोऱ्याने शिवायचं, दोऱ्याच्या टोकांवर सील ठोकायचं. मावशी हे सगळं स्वतः करत फिरली. ऑरिशला इतक्या चकरा झाल्या की तिथला शिपाई तिला नावाने हाक मारायला लागला. आणि घाई होती. गृहभेटीच्या अहवालाची मुदत संपत आली होती. तो बाद झाला की पुन्हा पहिल्यापासून, आणि खात्यातल्या बाईने तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या वयाला दुसऱ्यांदा होकार मिळेल असं धरून चालू नका." म्हणजे हाच गठ्ठा. हा वेळेत सोफियाला पोहोचला तर मूल, नाही तर नाही.

शेवटी गठ्ठा तयार झाला. सोमवारी मावशी तो हॅनोव्हरला दत्तक संस्थेत नेऊन देणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, तिने आम्हाला चहाला बोलावलं. चांगले कप काढले होते, कपात खडीसाखर, वर सायीचा ढग, आई आणि ती चक्क हसत होत्या. पहिला कप झाला तेवढ्यात काका वरून खाली आला. हातात हिरवी फाईल. आणि चेहऱ्यावर काय होतं माहितीये? अभिमान! मी त्या माणसाला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"लावून ठेवलं सगळं," तो म्हणाला. "उद्या शोधाशोध नको."

मावशीचा कप हवेतच राहिला. "काय लावलंस?"

त्याने फाईल उघडली. रंगीत सेपरेटर. निळ्यात जन्म आणि लग्न. पिवळ्यात तब्येत. लालमध्ये पोलीस. प्रत्येक पानाला दोन भोकं, एका रेषेत. आणि सगळ्यात शेवटी जांभळ्यात, तारखेप्रमाणे लावलेले, सगळे अपोस्टिल. सुटे. एकत्र.

"दोरा?" मावशीने विचारलं. आवाज एवढासा.

"दोऱ्यामुळे मशीनमध्ये बसत नव्हतं. कापला. पण फेकला नाही," आणि त्याने मागचा प्लास्टिकचा खिसा दाखवला. आत तिरंगी दोऱ्याचे तुकडे, नीट गुंडाळून.

"नोटरीने वर चिठ्ठी लावली होती, फोल्कर्ट. मोठ्या अक्षरात. 'पानं सुटी करू नयेत.'"

"हो, तीही आहे ना," काका म्हणाला आणि पहिलं पान उलटलं. चिठ्ठी होती. तिलाही दोन भोकं.

माझी आई आधी हसली, म्हणजे तिला आवरलंच नाही, आणि मग तिला कळलं आणि ती उभीच राहिली. "अरे मूर्खा! अरे धोंड्या! आता कुठला दाखला कुठल्या कागदाचा हे कोण सांगणार?"

"तारखा आहेत की त्यावर."

"तारखा आहेत म्हणे! सील फोडलंस तू! ते कागद मेले! तुझ्या पाण्याच्या नोंदी आहेत का त्या?"

"एकही पान हरवलेलं नाही," काका म्हणाला. जरा दुखावल्यासारखा. दुखावला! हा!

मावशीने चमचा उचलला आणि स्वतःच्या कपात उभा ठेवला. आमच्याकडे चहा तीन कप झाल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि चमचा कपात गेला की बस झालं. पहिल्याच कपाला चमचा, तेही स्वतःच्याच घरात. किटली पुढे करणारा काकाचा हात तसाच थांबला.

"तुला मूल नकोच आहे," ती म्हणाली. "म्हणून केलंस."

"काहीतरीच काय. मला माहीत नव्हतं."

आणि मला वाटतं, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण मी बघत होते त्याच्याकडे. मावशीने फाईल ढकलली, खुर्चीवरून उठून बाहेर गेली, आणि दार आपटल्यावर त्याचे खांदे असे खाली आले, सैल, लांबच्या प्रवासाहून घरी आल्यासारखे. तेव्हापासून मी त्याचा तिरस्कार करते. त्या भोकांसाठी नाही. त्या खांद्यांसाठी.

हॅनोव्हरच्या संस्थेतल्या टेरहॉर्स्ट बाईंनी फाईल दोन बोटांनी उघडली आणि दोन बोटांनीच मिटली. "हे मी पाठवू शकत नाही. सगळं नव्याने करा. पळत सुटलात तर अहवालाच्या मुदतीत बसेल."

मावशी पळत सुटली. घरात मात्र दोघांचं बोलणं बंद. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले, कुणीतरी गाडी चालवायला हवं होतं म्हणून, आणि माझा टेलिफोन झाला.

"इन्सा, काकाला सांग मंगळवारी डॉक्टर आहे."

"काका, मंगळवारी डॉक्टर."

"तिला सांग ऐकलं."

"मावशी, ऐकलं म्हणतो."

"त्याला सांग तिथे तोंड उघडायला लागेल. दात बघतात."

एकदा मी चिडून ओरडले, "तुम्ही दोघं एकाच टेबलावर बसलाय!" मावशी म्हणाली, "बसलोय. तेवढंच."

पण कागद परत झाले. खरंच झाले. शेवटचा उरला तो नोटरीकडचा, दोघांचं मिळून प्रतिज्ञापत्र. आमच्याकडे नोटरीला असा कागद पूर्ण वाचून दाखवावा लागतो, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मोठ्याने, नाहीतर तो चालत नाही. नोटरी म्हातारा, आवाज म्हणजे रेडिओवरचा हवामानाचा अंदाज. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. तो वाचत गेला, नावं, पत्ता, जन्म, मग, "या मुलाला आम्ही पोटच्या मुलाप्रमाणे वाढवू, ते आजारी पडलं, हट्टी निघालं, आम्हाला परकं मानू लागलं तरी त्याची साथ सोडणार नाही..."

"थांबा," काका म्हणाला. "हे परत वाचता का?"

नोटरीने चष्मा वर केला आणि परत वाचलं.

"हे मागच्या वेळी नव्हतं."

"शब्दन् शब्द हेच होतं, साहेब."

काकाने टेबलावरच्या पानांच्या कडा सरळ केल्या. "मग मी ऐकलं नसेल. पानांचे नंबर बघत होतो."

मावशी त्याच्याकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट. "आता ऐकलंस ना? बोल."

"सही करतो ना मी."

"मी सही विचारली नाही. तुला हवं आहे का?"

"आल्मुट, आता इथे, यांच्यासमोर..."

"यांच्यासमोरच. घरी तू वर निघून जातोस."

काकाने पेन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "मी बावन्न वर्षांचा आहे. शाळेच्या फाटकावर मला आजोबा म्हणतील. मला आवाज सहन होत नाही. तुला हवं होतं. खात्यातल्या बायका आल्या, त्यांनी खोली विचारली, पगार विचारला. मी सगळं दिलं. हवं आहे का हे तूसुद्धा आज विचारतेयस."

"विचारायचं कशाला? तू फाईलवर 'मूल' लिहिलंस!"

"मग काय लिहायचं होतं?"

नोटरीने घसा साफ केला. म्हणाला की सही करण्याची सक्ती कुणावर नाही. आणि काकाने सही केली. सावकाश, सुंदर, पूर्ण नावाची सही. पेन मावशीकडे सरकवला. "झालं. घे."

मी मनात म्हटलं, कर मावशी, कर पटकन! काय फरक पडतो? मूल तर येईल! तू वाढव, आम्ही आहोत, आई आहे, हा बसेल वरच्या खोलीत भोकं पाडत! मी खरंच मोठ्याने म्हणाले, "मावशी, कर ना!"

तिने पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करत."

"बाई, तुमच्या अहवालाची मुदत..." नोटरी म्हणाला.

"माहितीये. घरी एक मूल येईल आणि हा त्याच्याकडे असा बघेल. आत्ता बघतोय तसा."

"कसा बघतोय मी?" काका म्हणाला.

"टपाल आल्यासारखा." ती उठली, कोट घातला. "इन्सा, गाडीची किल्ली दे."

काका पाठोपाठ फुटपाथवर आला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मी केली ना सही? मी केली! अडवलं कोणी? तू! आता गावभर सांग फोल्कर्टने मूल घालवलं!"

"नाही सांगणार. मी घालवलं म्हणून सांगेन. यातल्या कशालाच तुझं नाव लागलेलं मला नको."

तो गाडीचं दार उघडायला वाकला तर तिने आतून कडी लावली. काच थोडी खाली केली. "तू बसने ये."

"या वेळेला बस नसते."

"बघ मग," ती म्हणाली आणि गाडी काढली. मला आरशात तो दिसत होता, बसच्या वेळापत्रकासमोर उभा, वाचत.

मावशी रडली नाही. गावाबाहेर पहिल्या बंधाऱ्यापाशी तिने गाडी थांबवली आणि मला म्हणाली, "आता तू चालव, मला रस्ता दिसत नाहीये," आणि जागा बदलून बसली. मी तिला तिच्या घरी नेलं नाही, आमच्याकडे आणलं. अजून आमच्याकडेच आहे. अहवालाची मुदत संपली. खात्याचं पत्र आलं, ते तिने वाचलं आणि चुलीत घातलं.

गावात काका बिचारा ठरलाय. परवा बेकरीतली बाई मला म्हणाली, "तुझ्या काकाने तर सही केली होती म्हणे, तुझ्या मावशीनेच ऐनवेळी पाय मागे घेतला. एवढा व्यवस्थित माणूस!" मी म्हणाले, "हो, केली होती सही. तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा तो माणूस, मोकळा आहे." मागे रांगेत त्याच्या ऑफिसातले दोघं होते. ऐकू दे. पोहोचू दे त्याच्यापर्यंत.