पहिला बॉल सोडायचा

आमच्या सरांचा एकच नियम होता, पहिला बॉल सोडायचा. माझ्या मायचाही एकच नियम होता, भवानीचं गिऱ्हाईक सोडायचं नाही. या दोन नियमांच्या कात्रीत मी नववी-दहावीची दोन वर्षं बेसबॉल खेळले. सरांच्या जितक्या शिव्या खाल्ल्या तितके मार्क पडले असते तर मी बोर्डात आले असते.

जवळा बाजारला आमचं घर. आठवडी बाजारात माय भाजी घेऊन बसायची. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ती त्याला रिकाम्या हातानं जाऊच द्यायची नाही. भाव थोडा तोडायची, वर कोथिंबिरीची काडी टाकायची, आणि पिशवीत भाजी घालूनच मोकळी व्हायची. मग हातात आलेली नोट कपाळाला लावायची. भवानी परत गेली की दिवस वाया जातो, ही तिची पक्की समजूत. तिच्याजवळ बसून मोठी झालेली मी, हातात बॅट आल्यावर पहिला बॉल कसा सोडणार?

हिंगोली जिल्हा नवा नवा वेगळा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाळेत नवे सर आले आणि कुठल्याशा शिबिरात दहा दिवसांत शिकलेला हा खेळ सोबत घेऊन आले. सामान म्हणजे दोन बॅटी, सहा हातमोजे आणि एक हेल्मेट. हेल्मेट सगळ्यांनाच सैल व्हायचं, म्हणून आत रुमाल कोंबावा लागे. बेस म्हणून वाळू भरलेली पोती. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: नीट आलेले तीन बॉल तुम्ही सोडले किंवा हुकवले की तुम्ही आऊट. आणि बॉल टाकणारीनं, म्हणजे पिचरनं, चार बॉल वाकडे टाकले की तुम्हाला न मारता फुकट पहिल्या बेसवर जाता येतं.

माझ्या बाकावरची मैत्रीण मात्र सरांची लाडकी. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या. तिचे वडील बाजारात शेळी विकायला उभे राहिले की पहिल्या भावाला मान हलवायचे नाहीत. हलवायचे नाहीत म्हणजे काय, ऐकलंच नाही असं दाखवून दुसरीकडे बघत राहायचे. बॅट धरून उभी राहिली की तीही अगदी तशीच. पहिला बॉल शेजारून निघून जायचा आणि या बाईसाहेब आभाळाकडे बघायच्या.

"तुला झोप लागून राहिली का तिथं?" मी चिडायचे.

"पहिल्या भावाला इकलं तं अण्णा घरात घेनार न्हाईत," ती हसून म्हणायची.

खरं सांगायचं तर सरांचं चुकत नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात तीनच शाळांकडे मुलींचा संघ होता, आणि त्यातल्या पिचरांचे बॉल कुठंही जायचे. एकदा तर पंचाच्याच गुडघ्यावर बसला. अशा वेळी नुसतं गप्प उभं राहिलं तरी चार बॉल वाकडे पडायचे आणि बेस मिळायचा. आम्ही जिल्हा जिंकलो तो मारून नाही, उभं राहून. मी मात्र पहिल्याच बॉलला बॅट फिरवून झेल देऊन यायचे आणि सरांपुढं मान खाली घालून उभी राहायचे. मान खाली, पण मनात भवानीच.

हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता. राज्यावर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, असं सरांनी सांगितलं होतं. मला त्यांची तेवढी गरज नव्हती. माझ्या त्या मैत्रिणीला होती. गणित तिला कधी जमलंच नाही. सहामाहीत नापास, सराव परीक्षेत नापास. तिच्या वडलांनी सरळ सांगून टाकलं होतं, पास झाली तर अकरावीला हिंगोलीला घालतो, नापास झाली तर लग्न. वाईट माणूस नव्हता तो. दिलेला शब्द पाळायचा, एवढंच. तिला नर्स व्हायचं होतं. घरच्या शेळ्यांची बाळंतपणं ती एकटी करायची आणि मला वहीवर चित्र काढून समजावून सांगायची. मला मळमळायचं.

विभागाच्या सामन्यांना आम्ही औरंगाबादला गेलो. तिथली पहिली मॅच समोरच्या संघात नऊऐवजी आठच मुली आल्यामुळं आम्हाला बसल्या जागी मिळाली. राहिली फायनल. ती जिंकली की राज्य, आणि राज्य म्हणजे तिचं गणित सुटलं.

तिथली पिचर मात्र वेगळीच होती. बॉल सरळ, जिथं हवा तिथं. आणि डोक्यानं तेज. दोन डाव होईपर्यंत तिला कळलं होतं की या पोरी पहिला बॉल मारतच नाहीत. मग ती आमच्या प्रत्येकीला पहिला बॉल हळू, मधोमध, ताटात वाढल्यासारखा टाकायला लागली. आमच्या पोरी तो सोडायच्या आणि पुढचे दोन असे सुसाट यायचे की बॅट हलायच्या आत आऊट. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तू गप बस. तुला कसंही करून पहिलाच मारायचा असतो." माझी पतच तेवढी, काय बोलणार?

शेवटचा डाव. आम्ही एका रननं मागं. दोघी आऊट झालेल्या, तिसरी गेली की खेळ संपला. मी तिसऱ्या बेसवर, आणखी एक मुलगी दुसऱ्यावर. एक चांगला फटका बसला की आम्ही दोघी घरी, म्हणजे बॅट धरतात त्या जागी परत, येणार आणि मॅच आमची. आणि बॅट हातात कुणाच्या? तिच्या.

बाजूला उभ्या सरांनी पंजा दाखवला. सोड. मी तिसऱ्या बेसवरून घसा फाटेस्तोवर ओरडले, "पहिलाच मार! तो सोपा येनार हाय, पहिलाच मार!"

बॉल आला. हळू, मधोमध. आणि जन्मात पहिल्यांदा तिनं पहिल्या बॉलवर बॅट फिरवली.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. बॉल उंच गेला, मागं गेला, अजून मागं गेला. मी पळत घरी पोचलेसुद्धा. वळून पाहते तर त्यांची सगळ्यात मागची पोरगी चुन्याच्या रेषेला टाच लावून उभी, आणि बॉल तिच्या मोज्यात.

परतीच्या एसटीत सर एकटेच पुढच्या सीटवर जाऊन बसले. ती खिडकीजवळ बसून झोपली, किंवा झोपल्यासारखं करत होती. मला रडू आवरेना. त्या दोन शब्दांसाठी मी स्वतःला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मायलाही सांगितलं नाही.

निकाल लागला. गणितात ती सात मार्कांनी गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, पण त्याच्या आधीच एक स्थळ आलं. शेळीच्या पहिल्या भावाला कधी मान न हलवणाऱ्या माणसानं पोरीच्या पहिल्याच स्थळाला हो म्हणून टाकलं. मला त्या माणसाचा इतका राग आला की लग्नाच्या पंगतीत मी जेवलेच नाही. पण त्याहून जास्त राग माझा मलाच होता.

पुढं मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले. ती शिरड शहापूरकडं नांदत होती, एवढंच कानावर यायचं. मुद्दाम भेटायला कधी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आठ वर्षांनी बाजाराच्या दिवशी ती समोरच उभी राहिली. एका हातात शेळीची दोरी, दुसऱ्या हाताला मुलगी. अंगानं भरलेली, हसणं तेच. आसपासच्या वस्त्यांवर कुणाची शेळी अडली की तिलाच बोलावतात म्हणे. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मी वरडले नसते तं तू पास झाली असतीस. माझ्यामुळं झालं सगळं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तू वरडलीस? कवा?"

"तिसऱ्या बेसवरून. पहिलाच मार म्हनून."

"म्या न्हाई आयकलं बाई काही." ती हसायला लागली. "कानावर हेल्मेट, आत रुमाल. मला तं सरांचा पंजा तेवढा दिसला."

"मंग काहून मारलास?"

"चांगला आला व्हता. मारावा वाटला."

आठ वर्षं मी तो फटका माझ्या नावावर लावून बसले होते. रडले, कुढले, तिला तोंड दाखवलं नाही. आणि तो पहिल्यापासून तिचा एकटीचा होता.

शेळीनं दोरी ओढली. तिनं दोरीचा हाताला एक वेढा दिला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "लई लांब गेला व्हता न त्यो? का मलाच तसं वाटून राहिलं?"

"लई लांब गेला व्हता," मी म्हटलं.

त्या दिवशी त्या मैदानावर दोन्ही संघांतल्या कुणाचाच बॉल तेवढा लांब गेला नव्हता. आठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.