चौथ्या भागातली स्वयंपाकीण

माझे भावोजी कवळ्या करतात. ते दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि भावोजी त्या मापावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात दात अशी कवळी घडवतात. त्यांच्या कामाच्या खोलीत खिडकीशी कवळ्या ओळीने वाळत ठेवलेल्या असतात. पहिल्यांदा येणारा माणूस दचकतो, कारण आत शिरताच सगळी खोली त्याला हसते.

कामात हात सोन्याचा, पण जीव मात्र अंतराळात. सात भागांची सिनेमांची एक परदेशी मालिका आहे, मराठीत डब केलेली. एक खटारा जहाज, त्यावरचा एक हट्टी कप्तान, आणि त्याच्यामागे हात धुऊन लागलेलं अर्धं ब्रह्मांड. पहिला भाग त्यांनी शाळेत असताना पाहिला आणि माणूस कायमचा बिघडला. ताईशी लग्न ठरायच्या सुमाराला ते तिला या मालिकेच्या सहाव्या भागाला घेऊन गेले. तिने आधीचे भाग पाहिले नव्हते, म्हणून पडद्यावर सहावा चालू असताना त्यांनी पहिले पाच तिच्या कानात सांगितले. ताई अजून म्हणते, "माणूस बोलका वाटला म्हणून हो म्हटलं. विषय एकच आहे हे नंतर कळलं."

या मालिकेचा चौथा भाग म्हणजे भावोजींच्या पायातला काटा. लांबलचक, रेंगाळलेला. जगभरचे चाहते त्याच्या नावाने बोटं मोडतात. शेवटी भावोजींनी संगणकावर सिनेमा कापायची विद्या शिकून घेतली. आवडत्या सिनेमाची आपल्याला हवी तशी काटछाट करायची, नवी जोडणी करायची आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना दाखवायची. याला म्हणतात फॅन एडिट. आमच्या घरी मात्र ताईने दिलेलं नाव चालतं, 'ह्यांचं शिवणकाम'.

काटछाटीत पहिला बळी ठरला होता तो जहाजावरच्या स्वयंपाकिणीचा. ही बाई फक्त चौथ्या भागात आहे. ऐसपैस बांधा, कमरेला फडकं, हातात पळी. शत्रूची जहाजं चाल करून येतात, कप्तान तोफेच्या बटणावर बोट ठेवतो, प्रेक्षक श्वास रोखतो, आणि ही दारात उभी! "आधी दोन घास खाऊन घ्या." भावोजींच्या मते सिनेमाचा घात हिनेच केला होता. शेवटाकडून सुरुवात करून ते तिला एकेका प्रसंगातून उपटत निघाले होते.

एवढ्यात आमची आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; ताईचं घर तळमजल्यावर. म्हणून आईचा पलंग ताईच्या पुढच्या खोलीत पडला. त्याच खोलीत भावोजींचा संगणक आणि त्याला जोडलेला मोठा टीव्ही. सासू हलू शकत नव्हती आणि जावई हलायला तयार नव्हता.

"सगळं काळं काळं काय आहे हो हे?" आईने पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"अंतराळ आहे, आई."

"मग कुणी दिवा का लावत नाही?"

भावोजी सोसत राहिले. पण एडिटिंग करणारा एकच प्रसंग वीस वेळा पुढेमागे करतो, त्यामुळे आईनेही तो वीस वेळा पाहिला. हळूहळू तिला जहाज पाठ झालं. कप्तानाचं लग्न झालंय का, नसेल तर का नाही, तो यंत्रमानव अंघोळ करतो का, अशा चौकशा सुरू झाल्या. आणि स्वयंपाकीण पडद्यावर आली की आई उशीला टेकून सरळ बसायची. "या सगळ्यांत एवढी एकच बाई शहाणी आहे. बाकीचे नुसते धावतात."

भावोजींनी माउस सरकवला आणि शहाण्या बाईला कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

एका रविवारी दुपारी त्यांनी आपली 'शुद्ध आवृत्ती' दाखवायला मित्रमंडळ बोलावलं. मंडळ म्हणजे चौकातला चष्मेवाला आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. दोघंही त्याच रोगाने पछाडलेले. मीही होतो, पण आईला भेटायला म्हणून. खुर्च्या लागल्या, पडदे ओढले, सिनेमा सुरू झाला. आई पलंगावरून पाहत होती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती कुठाय?"

"कोण?" भावोजी मान न वळवता म्हणाले.

"स्वयंपाकीण."

"काढली."

"कामावरून?"

"सिनेमातून, आई."

"कुणी काढली?"

"मी."

आई म्हणाली, "का? काय चुकलं तिचं?"

चष्मेवाल्याला हसू आवरेना. भावोजींनी आवाज मोठा केला. पण आई कसली ऐकतेय! शत्रूची जहाजं चाल करून आली, कप्तानाने बटणावर बोट ठेवलं, आणि पलंगावरून खणखणीत आवाज आला, "अरे, उपाशीपोटी कुठे निघालास?" पुढे एका प्रसंगात सगळे खलाशी वळून रिकाम्या दाराकडे बघतात. भावोजींनी बाई काढली होती, पण त्यांच्या माना कशा काढणार? तिथे आई म्हणाली, "बघताय काय? हात धुवा आधी!" गणिताच्या बाई हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. कप्तान मोठं गंभीर भाषण करत होता आणि खोलीतल्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

निघताना चष्मेवाला म्हणाला, "भारी झालं हो! आमच्यासाठी पुन्हा एकदा लावा. फक्त सासूबाई घरी असतील तेव्हा."

हे वाक्य भावोजींना फार लागलं. दोन वर्षांचं शिवणकाम, आणि टाळ्या सासूला! त्या दिवसापासून जावई-सासूचं बोलणं बंद झालं. खोली एकच, त्यामुळे निरोप ताईमार्फत जायचे.

"त्यांना विचार, पंखा कमी करू का."

"त्यांना सांग, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं कुठे कुणाला हवंय? मलाही काढून टाका म्हणावं."

ताई दोघांच्या मधोमध बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मी काय टेलिफोन आहे का? दोघंही इथेच बसलाय."

काही दिवसांनी मी भावोजींना भेटायला त्यांच्या कामाच्या खोलीत गेलो. ते एका कवळीला कानस मारत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल ती आवृत्ती परत पाहिली. एकट्याने. तुझी आई व्यायामासाठी दवाखान्यात गेली होती तेव्हा."

"मग?"

"कप्तानाने बटणावर बोट ठेवलं, आणि मी थांबलो. आता ती काहीतरी बोलेल म्हणून." त्यांनी कवळी उजेडात धरून पाहिली. "कुणी बोललंच नाही. तो आपला गेला लढायला. मला काहीच वाटलं नाही रे. पहिल्यांदाच."

त्यांचा चेहरा असा पडला होता, की एवढ्या हसऱ्या दातांच्या सोबतीत तो बघवेना. मी म्हटलं, "मग घाला ना तिला परत."

"नुसती घालून भागणार नाही," ते म्हणाले. "मूळ बाई पुस्तकी बोलते. तुझ्या आईसारखं नाही बोलत."

त्याच संध्याकाळी ते पलंगापाशी जाऊन उभे राहिले आणि थेट म्हणाले, "आई, स्वयंपाकिणीला तुमचा आवाज द्याल का?"

आईने ताईकडे पाहिलं. "त्यांना सांग, विचार करते." मग लगेच, "केला. कधी बसायचं?"

ध्वनिमुद्रण झोपण्याच्या खोलीत. घुमारा येऊ नये म्हणून आईच्या डोक्यावरून रजई घेतलेली, रजईच्या आत मायक्रोफोन, बाहेर कानाला हेडफोन लावून भावोजी. पहिलंच वाक्य झालं आणि भावोजींनी कपाळावर आठ्या घातल्या.

"आई, टक्‌ असा आवाज येतोय."

"माझा नाही."

"तुमच्याच तोंडातून येतोय. कवळी हलतेय तुमची. आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते."

आता यात एक नाजूक भाग होता. आईची कवळी जुनी आणि ढिली झाली होती. घरात कवळी करणारा जावई असताना ती मुद्दाम दुसरीकडून करून घेतली होती, कारण "जावयासमोर तोंड उघडायचं म्हणजे काहीतरीच!" ताई यावर म्हणायची, "आई, तू त्यांच्यासमोर तोंड बंद कधी ठेवलंस ते सांग." पण यावेळी कलेपुढे इलाज नव्हता. भावोजी तिला आपल्या ओळखीच्या दंतवैद्यीणबाईंकडे घेऊन गेले. मी सोबत होतो, म्हणून पुढचं स्वतः पाहिलंय.

दंतवैद्यीणबाईंनी मापाचा लगदा साच्यात भरला, आईच्या तोंडात बसवला आणि म्हणाल्या, "आता हे घट्ट होईपर्यंत अजिबात बोलायचं नाही." मग त्या हात धुवायला गेल्या.

भावोजींनी आईकडे पाहिलं. अशी संधी आयुष्यात परत येणार नव्हती. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि सगळं काढलं. चौथा भाग का रेंगाळतो, ताण म्हणजे काय, लढाईच्या तोंडावर जेवणाचं नाव काढलं की तो कसा तुटतो, आणि भरल्या घरात पाहुण्यांसमोर आपली कशी शोभा झाली, तेही. आई डोळे मोठे करत होती, हात हलवत होती, नाकातून 'हं' करत होती. एकदा तर उठायलाच निघाली. मी खांदा धरला.

दंतवैद्यीणबाईंनी येऊन साचा काढला. आईने चूळ भरली, तोंड पुसलं.

"झालं तुमचं? आता मी बोलते. ती मध्ये येते म्हणून ताण तुटतो म्हणता? अहो, पोरं मरायला निघालीत. त्यांना परत यावंसं वाटायला जहाजावर काहीतरी नको का? नुसत्या बटणांसाठी कोण परत येतं?" मग वेगळ्याच आवाजात, "आणि पाहुण्यांसमोर बोलले ते चुकलंच माझं. पण तुम्ही विचारलंही नाही हो, काढू का म्हणून."

भावोजी म्हणाले, "पुढच्या वेळी विचारीन."

नवी कवळी भावोजींनी जीव ओतून केली. टकटक गेली, शिट्टी गेली, आणि ध्वनिमुद्रण जोरात सुरू झालं. आईने मूळ संवाद एकही ठेवला नाही. खलनायकाचा हेर पकडून आणतात, तिथे मूळ बाई न्यायावर बोलते, आई म्हणाली, "बांधा त्याला, पण जेवू घालून बांधा. उपाशी माणूस खोटं बोलतो."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शेवटचा प्रसंग आला. हा शेवट भावोजींनी आई येण्याआधीच कापला होता, त्यामुळे तिने तो पाहिलेला नव्हता. त्यात जहाजाच्या मागच्या भागाला आग लागते. स्वयंपाकीण आतून दार लावून घेते, बाकीच्यांना वाचवते आणि मरते.

आईने रजई बाजूला केली. "मी मरणार नाही."

"तुम्ही नाही हो, ती मरते."

"आवाज कुणाचा आहे?"

"आई, मूळ सिनेमातच तसं आहे."

"मूळ सिनेमात ती आख्खी होती, तेव्हा तुम्ही आख्खी काढलीत. आता तिचं एवढंसं मरण काढायला काय जड जातंय?"

भावोजी कामाला लागले. दुसऱ्या भागातून एक छोटी सुटका-नौका उसनी आणली. तिसऱ्यातून दार उघडतानाचा धूर घेतला. स्वयंपाकीण पाठमोरी भांडी घासतानाचा एक तुकडा चौथ्याच भागात सुरुवातीला होता. तो शेवटी आणून रंग थोडा काळवंडून घेतला, म्हणजे आगीतून आल्यासारखी दिसावी. ताई जाता-येता पाहायची. एकदा म्हणाली, "जिला मारायला निघाले होते, तिला वाचवायला बघ कसे राबतायत." पण चहाचा कप हातातच देऊन गेली.

दुसऱ्या खेळाला तीच मंडळी जमली. या वेळी आई पलंगावर नव्हती; काठी टेकत येऊन पुढच्या खुर्चीत बसली, आणि अख्ख्या सिनेमाभर बाहेरून एक शब्द बोलली नाही. आग लागली, दार बंद झालं. चष्मेवाल्याला पुढचं ठाऊक होतं, त्याने मान खाली घातली. मग धूर फाकला, नौका येऊन लागली, आणि अंधारातून आवाज आला, "कोण कोण जेवायचं राहिलंय?"

गणिताच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. चष्मेवाला चष्मा पुसत म्हणाला, काच खराब आहे. भावोजी पडद्याकडे नव्हे, आईकडे पाहत होते. आई पडद्याकडे पाहत होती, आणि स्वतःच्याच वाक्यावर मान डोलावत होती.

चाहत्यांच्या वर्तुळात ती आवृत्ती फिरली. काहींनी भावोजींना मनसोक्त शिव्या घातल्या, की पवित्र मालिकेची विटंबना केली. पण परदेशातल्या एकाने लिहिलं, भाषा एक अक्षर कळत नाही, तरी चार वेळा पाहिला. ही अभिनेत्री कोण? भावोजींनी ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "कळवा त्याला, अजून कामं घेते म्हणावं."

आता भावोजींसमोर पेच पडलाय तो पाचव्या भागाचा. पाचवा भाग उघडतो तोच स्वयंपाकिणीच्या अंत्यसंस्काराने. कप्तान तिच्या नावाने शपथ घेतो आणि पुढचे अडीच तास सूड उगवतो. बाई जिवंत असेल, तर तो सूड कसला घेणार? गेल्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा दोघं टीव्हीपुढे बसून यावरच हुज्जत घालत होते. भावोजी केस ओढत म्हणत होते, "आई, लढाईला काहीतरी कारण लागतं!"

"कशाला लागतं?" आई म्हणाली. "द्या दुसऱ्या कशावरून तरी लावून. भांडायचं म्हटलं की माणसाला कारण सापडतं. तुम्ही आधी तो अंत्यविधी काढा. आणि तो कप्तान वाळलाय बघा किती, तिथे मला दोन वाक्यं हवीत."