अण्णांची मुकी गाडी

किसनअण्णा कुठल्याही गाडीला आधी कान लावायचे आणि मगच तिच्याबद्दल बोलायचे. मी आंबवड्याच्या शाळेत बदलून आले आणि त्यांच्या समोरची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी माझ्या सामानाच्या टेम्पोचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच चहाला गेला होता. मी भांड्यांचं पोतं उतरवत होते आणि एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टेम्पोच्या तोंडावर गाल टेकवून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चक्कर आली बिचाऱ्यांना. "अहो काका, काय होतंय?" म्हणत मी धावले. डोळे न उघडता ते म्हणाले, "थांबा वाईच, बाई. ती बोलतीया."

जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांचं एकच शास्त्र होतं : "गाडी बोलती. आपुन ऐकायचं." दर वेळी त्यांचं ऐकणं बरोबर यायचं असं मात्र मुळीच नाही. सरपंचांच्या जीपला कान लावून त्यांनी गंभीर चेहऱ्याने गिअरबॉक्सचं दुखणं सांगितलं होतं, आणि निघाला काय, तर मागच्या सीटखाली गडगडणारा नारळ. गाव महिनाभर हसलं. अण्णा म्हणाले, "बोलत व्हती का न्हाई? मंग! कोन बोलतंय ते चुकलं, येवढंच."

त्यांची बायको हौसाकाकी. ठेंगणी, गोरीपान, तोंडाने फटकळ. आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण मीही काही कमी नाही. या काकींचं एक दुखणं होतं. डिझेलचा वास आला की त्यांच्या पोटात ढवळायचं. नवरा एसटीचा ड्रायव्हर, आणि बायकोला एसटीत बसवत नाही! काकींचं माहेर वेल्ह्याच्या वर, केळदच्या अंगाला एका धनगरवाडीशेजारी. तरुणपणी त्या नाकाशी लिंबू धरून, खिडकीतून मान बाहेर काढून जायच्या आणि माहेरी पोचल्यावर दोन दिवस अंथरुणाला खिळायच्या. मग जाणं कमी होत गेलं. काकी एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आख्खा तालुका ह्यांच्या गाडीत बसून माहेरी ग्येला. म्या तेवढी ऱ्हायले." अण्णा पडवीत बसून होते. त्यांनी ऐकलं, आणि काही बोलले नाहीत. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की हा माणूस नेहमी असाच गप्प व्हायचा.

पण त्यांच्या मनात ते घर करून बसलं असणार. कारण एक दिवस अण्णा पुण्याहून एक जुनी, पांढरी, विजेवर चालणारी छोटी गाडी घेऊन दारात हजर! धूर नाही, वास नाही. काकी दाराशी भाकरतुकडा घेऊन आल्या, गाडीभोवती फिरून त्यांनी चारही बाजूंनी हुंगलं आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्याला तर कायच वास न्हाई!" त्या वेळी अण्णांच्या मिशा कशा थरथरल्या, ते मी पाहिलंय.

फक्त एक घोटाळा झाला. अण्णांनी सवयीने गाडी चालू करून बॉनेटला कान लावला, आणि आत काहीच नव्हतं. एकदम सामसूम. त्यांनी जागा बदलून पाहिली, चाकापाशी वाकले, शेवटी काकुळतीला येऊन मला म्हणाले, "बाई, ही तर मुकी हाय हो."

त्यातून ती वापरलेली गाडी. विकणाऱ्याने इमानदारीने सांगितलं होतं की समोरच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबू नका, तो मधेच गडगडतो. खरी स्थिती पाहायची तर मोबाईलमधल्या ॲपवर पाहा. त्यासाठी काडेपेटीएवढी एक काळी डबी मिळाली होती. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिच्यात ती डबी बसवायची. डबी गाडीकडून बॅटरीची खबर घेते आणि ब्लूटूथने मोबाईलला सांगते. मी ते ॲप अण्णांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. पडद्यावर बॅटरी किती शिल्लक, तिचं तापमान किती, सगळं हिरव्या अक्षरांत उमटलं. अण्णा कितीतरी वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी ही नाडी झाली हिची." तेव्हापासून ॲपचं नाव नाडी. सकाळी चहाच्या आधी नाडी बघायची, पारावर जाऊन लोकांना सांगायची : "आज ताप न्हाई. झ्याक हाय."

सगळ्यात जास्त कौतुक त्यांना उताराचं होतं. ही गाडी उतारावरून येताना थोडी बॅटरी परत भरून घेते. हे नाडीत पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेऊन मला फोन केला. "बाई, आकडा वाढला! जलमभर घाट उतरलो, बिरेक जाळलं, कुनी थेंबभर डिझेल परत दिलं न्हाई. आन ही देतीया!"

याच गाडीवर त्यांनी मला गाडी शिकवली. शाळेच्या मैदानावर, रविवारी, निम्मा गाव कुंपणावर बसून बघत असताना. मी स्टिअरिंग आवळून धरलं की म्हणायचे, "सैल, बाई, सैल. ती काय पळून जानारी कोंबडी हाय व्हय?" मी चिडायचे. मी चिडले की ते शांतपणे खिडकीबाहेर बघत बसायचे आणि माझा पारा उतरला की म्हणायचे, "हं. आता दोघी थंड झाल्या. चला." माझ्यावर इतक्या गोडीत कुणी कधी मात केलेली नाही.

काकींना घेऊन ते भोरच्या बाजाराला जाऊन आले, किकवीला भाचीच्या बारशाला जाऊन आले. एकदाही लिंबू लागलं नाही. पण माहेरचा रस्ता लांबचा, शेवटी चढाचा, आणि वर मोबाईलला रेंज नाही. अण्णा म्हणायचे, "जाऊ. हिची जरा ओळख पटू दे." आणि मग नवरात्रात काकींच्या आईचा कुणाकरवी फोन आला. म्हातारी नव्वदीला टेकलेली, खाली यायला तयार नाही. तिने सांगितलं होतं, "औंदा दसऱ्याला सोनं द्यायला तू ये. फुडला दसरा मला घावंल का न्हाई, ठावं न्हाई." काकींनी तो निरोप मला सांगितला, पुन्हा सांगितला, आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "दसऱ्याला जायाचं. ठरलं."

दसऱ्याच्या सकाळी काकी नवं लुगडं नेसून, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन गाडीत बसलेल्या. मुठीत लिंबू, सवयीचं. मलाही सुट्टी होती. नाडी वाचायला म्हणून मी बरोबर जायचं होतं. बाहेर आले तर अण्णा गाडीपाशी उकिडवे बसलेले, चेहरा उतरलेला. "बाई, नाडी लागंना."

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! मोबाईल घेतला. ॲपला डबी सापडत होती, पण गाडी सापडत नव्हती. 'गाडीशी संपर्क होत नाही' असं लाल अक्षरांत पुन्हा पुन्हा. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. मोबाईल बंद करून चालू केला. जुनी जोडणी पुसून नवी केली. ॲपला लोकेशनची परवानगी आहे की नाही ते पाहिलं, होती. शेवटी ॲपच काढून टाकलं आणि नव्याने उतरवायला देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले, कारण आमच्या आळीत नेट रांगतं. सोनं वाटायला निघालेला जो तो थांबून विचारतोय, "काय बाई, रेंज न्हाई का?" माझं डोकं असं तापलं होतं! परत येऊन बघते तो लाल अक्षरं तशीच.

"अण्णा, तशीच काढू या का गाडी?" मी विचारलं. "समोरचा आकडा तर भरपूर दाखवतोय."

"त्यो खोटारडा हाय," अण्णा म्हणाले. "मुक्या जनावराला घिऊन घाट चढनार न्हाई म्या. वर अडकली तर तुमच्या काकीला कुठं चालवू? तिचं गुडघं..." आणि थांबले. आतून काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कुनाकरवी निरोप धाडा आईला, न्हाई जमत म्हनून." त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला भडभडून आलं. आयुष्यभर हेच म्हणत आलेल्या होत्या ना! त्या दार उघडून उतरायलाही लागल्या.

"बसा खाली!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. काकी बसल्या. अण्णाही बसले.

मग मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि चिडून डबीच उपसून काढली. उलटी केली, आणि बघतच राहिले. डबीच्या तोंडात बारीक पितळी काड्या असतात. त्या सगळ्या लालभडक. वर हळद. आणि दोन काड्यांच्या मधोमध ऐटीत रुतून बसलेला अक्षतेचा एक दाणा.

"अण्णा!! हे काय?"

अण्णा गोंधळले. "काल खंडेनवमी न्हवं का? पूजा क्येली. चाकांची, चार्जरची, समद्यांची."

"अहो, पण हिच्या तोंडात कुंकू घातलंत?"

"मंग? मुखालाच लावायचं आसतंय की, बाई! पायाला लावू व्हय?"

त्यांनी डबी काढून ताम्हणात ठेवली होती, ओलं हळदकुंकू मनोभावे लावलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या, आणि हात जोडून ती परत खाचेत बसवली होती. डबी जिवंत होती म्हणून मोबाईलला सापडत होती. तोंड भरलेलं म्हणून गाडीशी बोलू शकत नव्हती. मी हसायला लागले ते थांबेना. काकींनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. पिनेने अक्षत काढली, कोरड्या दातांच्या ब्रशने काड्या घासल्या, देवघरातल्या कापसाने खाच पुसली. डबी बसवली. ॲप उघडलं. एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी अक्षरं उमटली.

"बोलली!" अण्णा एवढ्याने ओरडले की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

वाटेत कापूरहोळ, नसरापूर, वेल्ह्याचा बाजार. मी कंडक्टरसारखी आकडे वाचत होते. चढ लागला तसा आकडा झपाझप उतरायला लागला, माझा आवाज कापायला लागला. अण्णा म्हणाले, "वाचत ऱ्हावा, बाई. ती खरं बोलतीया तवर भ्यायचं न्हाई." आम्ही पोचलो. म्हातारी दारातच बसली होती. काकी कुणाचा हात न धरता उतरल्या, जाऊन तिच्या कुशीत शिरल्या, आणि साठी उलटलेली ती बाई "आई, मला उलटी न्हाई झाली" असं म्हणत लहान पोरीसारखी रडली. मुठीतल्या लिंबाचं तिथे सरबत झालं. अण्णा तोंड फिरवून उगीच टायर दाबून बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. पहाटे, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं जुनं असणार, त्रास होत असणार. कुणालाही पत्ता नाही! काकी म्हणाल्या, "गाडीची नाडी रोज बघायचे. सवताची कवा कुनाला दावली न्हाई." मला त्यांचा अजून राग येतो. मुक्या गाडीची भीती वाटायची ना तुम्हाला, अण्णा? मग आमचा विचार नाही केलात? रागावते, आणि मग त्यांच्याच आठवणीने डोळे पुसते, असं माझं चाललेलं असतं.

पुढची खंडेनवमी आली. म्हातारी अजून वाट बघत होतीच. दुसऱ्या दिवशी मी काकींना घेऊन जाणार होते. काकींनी ताट माझ्यापुढे सरकवलं. "तुमी करा पूजा, बाई. माज्या हातानं कशी?" मी म्हटलं, "का? गाडी तुमची आहे. तुमच्यासाठीच आणली होती त्यांनी. घ्या ताट." काकींनी पदर खोचला. मग ताट उचललं. चारही चाकांना हळदकुंकू लावलं, स्टिअरिंगला लावलं, चार्जरला लावलं. शेवटी वाकून त्या डबीपर्यंत गेल्या. कुंकवाचं बोट पुढे झालं आणि तिथेच थांबलं.

"न्हाई गं माझे बाई," त्या डबीला म्हणाल्या. "तुज्या तोंडाला काय लावत न्हाई. तू बोलत ऱ्हा. न बोलता एक ग्येला, तेवढं पुरं."

आणि बोटाला उरलेलं कुंकू त्यांनी बॉनेटवर, अण्णांनी पहिल्या दिवशी कान लावला होता त्या जागी टेकवलं.